पावतीपुस्तक कुणाच्या हाती?

लोकांसाठी विनामोबदला काम केलं की नेतृत्वगुण वाढतात, हे वाक्य आता महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत, परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशअर्जांत आणि नोकरीच्या मुलाखतींत इतकं सरावाचं झालं आहे, की ते खरं आहे का असं विचारायचं कुणाला सुचत नाही. विचारायला हवं. प्रत्येकाच्या ओळखीत असा एक कार्यकर्ता असतो, ज्याने वीस-वीस वर्षं मंडळाच्या सतरंज्या घातल्या आणि उचलल्या, आणि आजही तो तेच करतो आहे. अशीही एखादी बाई असते, जिने गल्लीतल्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने चारजणींना जमवलं आणि दहा वर्षांत बचतगट, मग पतसंस्था उभी केली. दोघांची तळमळ सारखी, निष्ठाही सारखीच. मग एकाचं कर्तृत्व वाढत गेलं आणि दुसऱ्याचं जागीच राहिलं, ते कशामुळे?

माझं मत आधीच सांगायला हवं. नुसतं काम वाट्याला आल्याने नेतृत्व येत नाही. काय करायचं हे ठरवण्यात वाटा मिळाला, लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांसमोर द्यावा लागला आणि चुकलं तर त्याची जबाबदारी अंगावर आली, तरच ते येतं. हे मत तपासायला बडोद्याइतकं सोयीचं शहर मला दुसरं दिसत नाही. तालीम, विद्यार्थी मंडळ, गावोगावची ग्रंथालयं, स्त्रियांच्या परिषदा, विद्यापीठातलं समाजकार्य, राष्ट्रीय सेवा योजना, गणेशोत्सव मंडळं आणि दर काही वर्षांनी विश्वामित्री नदीचा पूर: लोकसेवेचे जवळजवळ सगळे प्रकार या एका शहराने शंभरावर वर्षांत पाहिले आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मराठी माणसं पुढे होती.

सुरुवात विनोबांपासून करावी लागते. नरहर शंभुराव भावे नोकरीनिमित्त बडोद्यात होते, म्हणून त्यांच्या थोरल्या मुलाचं, विनायकचं, शिक्षण तिथे झालं. १९१४ साली, विशीही न गाठलेल्या या मुलाने मित्रांना घेऊन ‘विद्यार्थी मंडळ’ काढलं. मंडळाचं काम आज ऐकलं तर साधं वाटेल. घरोघर हिंडून पुस्तकं आणि वर्गणी जमवायची, वाचनालय चालवायचं, शिवजयंती, गणेशोत्सव, दासनवमी साजरी करायची आणि आळीपाळीने भाषणं करायची. विनोबांनी तिथे मॅझिनीवर व्याख्यान दिलं होतं. एकदा शिवजयंती चार भिंतींच्या आत करायची नाही, रानात जाऊन करायची, असं ठरलं. सुट्टी नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून तासच बुडवला आणि दुसऱ्या दिवशी दंडाचे पैसे निमूट काढून दिले. ही हकिगत मुलांच्या खोडकरपणाची म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते: ठरवलं त्यांनीच, आणि किंमतही त्यांनीच भरली. वर कुणी मार्गदर्शक नव्हता, आश्रयदाता नव्हता, प्रमाणपत्र तर नव्हतंच. खोलीचं भाडं थकलं असतं तर ते याच मुलांना द्यावं लागलं असतं.

इथे एक शंका रास्त आहे. विनोबा कुठेही असते तरी विनोबाच झाले असते. मंडळाने त्यांना घडवलं असं कशावरून म्हणायचं? म्हणून त्यांच्याकडे न पाहता त्यांच्या सोबत्यांकडे पाहावं. गोपाळराव काळे, रघुनाथ धोत्रे, बाबाजी मोघे ही त्या बडोद्याच्या मित्रमेळ्यातली नावं पुढे गांधीजींच्या आश्रमात आणि वर्ध्याच्या रचनात्मक कामात आयुष्यभर दिसतात. एका साध्या विद्यार्थी मंडळातून इतकी माणसं जन्मभराच्या कामाला लागतात, हे एकट्याच्या प्रतिभेने उलगडत नाही.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले, तिथून गांधीजींकडे. पुढे आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते वाईला वेदान्त शिकायला राहिले. १९१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी गांधीजींना लिहिलेल्या पत्रात या विषयावरचा एक अस्सल दस्तऐवज दडलेला आहे. वाईतही त्यांनी विद्यार्थी मंडळ काढलं होतं. वाचनालयाला पैसे हवेत म्हणून दळणाचा वर्ग सुरू केला. ते स्वतः आणि पंधरा विद्यार्थी जात्यावर बसायचे, गिरणीच्या भावाने, दोन शेरांना एक पैसा घेऊन लोकांचं धान्य दळून द्यायचे आणि आलेले पैसे वाचनालयाला जायचे. दळणाऱ्यांत सधन घरची मुलंही होती. वर्ग दोनेक महिने चालला आणि वाचनालयात चारशे पुस्तकं जमली. त्याच पत्रात बडोद्याच्या मित्रांचाही उल्लेख आहे: दहा-पंधरा जण आहेत, त्यांना लोकसेवेची इच्छा आहे, मातृभाषेच्या प्रसारासाठी तीन वर्षांपूर्वी काढलेली संस्था अजून चालू आहे आणि तिच्या वार्षिकोत्सवाला ते जाऊन आले. म्हणजे मूळ माणूस निघून गेल्यावरही मंडळ चाललं होतं. संस्था चालवणाऱ्याची खरी परीक्षा तो तिथे नसताना होते आणि बडोद्याची ती मुलं त्या परीक्षेत उतरली होती.

याच शहरात, त्याच सुमारास, हेच तत्त्व राज्याच्या पातळीवर वापरलं जात होतं. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. शिकलेली मुलं पुन्हा निरक्षर होऊ नयेत म्हणून गावोगाव ग्रंथालयं हवी होती. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावलं. ते तीन वर्षं राहिले आणि मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी त्यांनी बसवली. बोर्डनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण या प्रश्नापुरता मोलाचा माणूस आहे मोतीभाई अमीन. चरोतरातला हा शिक्षक सरकारी योजना यायच्या आधीपासूनच ‘मित्रमंडळ’ नावाने गावात वाचनालयं काढत होता: चार उत्साही माणसं जमवायची, वर्तमानपत्रं मागवायची, पेटीभर पुस्तकांपासून सुरुवात करायची. महाराजांनी त्याला ग्रंथालय खात्यात घेतलं, हे त्यांचं चातुर्य.

योजनेचा कणा होता तिचा तिहेरी वाटा. ग्रंथालयासाठी एक तृतीयांश रक्कम गावाने उभी करायची, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यायची, एक तृतीयांश सरकारने. गावाने आपला वाटा जमवला नाही तर काहीच मिळणार नाही. ही अट नुसती पैसे वाचवण्याची युक्ती नव्हती. गावातल्या कुणाला तरी दारोदार जावं लागे. कुणाचा नकार ऐकावा लागे, कुणाला पटवावं लागे, जमलेल्या पैशाची नोंद ठेवावी लागे, ग्रंथालय कुठल्या जागेत ठेवायचं यावरून होणारी भांडणं मिटवावी लागत. मग समिती बसे, पुस्तकांची निवड होई, वर्षाअखेर जमाखर्च लिहिला जाई. शेकडो गावांत हे घडलं. सत्ता महाराजांची होती, अंतिम शब्द दरबाराचा होता. तरीही सभा कशी चालवायची, विरोधकाशी कसं बोलायचं आणि हिशेब कसा द्यायचा, हे शेतकरी कुटुंबांतल्या तरुणांनी या ग्रंथालयांच्या ओट्यावर शिकून घेतलं. महाराजांनी सगळा खर्च खजिन्यातून केला असता तर इमारती लवकर उभ्या राहिल्या असत्या आणि गावकरी फक्त वाचक राहिले असते. १९३९ साली महाराज आणि मोतीभाई दोघेही गेले, तोवर या पद्धतीने बडोदे संस्थान सगळ्या देशाच्या ग्रंथालय चळवळीला दाखला म्हणून उभं होतं.

तालमीचा धडा थोडा वेगळा. उस्ताद जुम्मादादांच्या नावाचं व्यायाम मंदिर दांडिया बाजारात आहे आणि त्यांचे पट्टशिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांनी त्याला देशभर नाव मिळवून दिलं. एकेकट्याने घुमायच्या अंगमेहनतीला त्यांनी सांघिक रूप दिलं, आणि कवायतीचे हुकूम हिंदीत आणण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. बडोद्याच्या या परंपरेतूनच मराठीला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मिळाला. त्याचे संपादक दत्तात्रय चिंतामण मुजुमदार. तालमीत हुकूम पाळणं आधी येतं. जुना पोरगा नव्याला शिकवतो, नवा जुना होतो आणि मग त्याच्या हाताखाली दहाजण येतात. हे चांगलं शिक्षण आहे, पण अपुरं आहे असं माझं मत आहे. रांगेला वळवता येणं आणि रांगेतल्या माणसाचं म्हणणं ऐकून आपला बेत बदलता येणं या दोन गोष्टी एका माणसात असतीलच असं नाही. शिस्तीच्या संघटनांतून उत्तम संयोजक बाहेर पडतात. प्रश्न विचारणारे तेवढ्याच संख्येने पडत नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत बडोद्याचा दाखला जास्त बोलका आहे. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलं, त्याच्या अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसाबेन १९४५-४६ मध्ये त्याच परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. राणीला सभेचं अध्यक्षपद मिळणं समजण्यासारखं आहे. दिवाणाच्या मुलीचा प्रवास मात्र रस्त्यावरून गेला आहे. १९३० च्या सत्याग्रहात मुंबईत देशसेविका संघाच्या स्त्रिया विदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांसमोर निदर्शनं करत होत्या, त्यांत हंसा मेहता पुढे होत्या. निदर्शनं म्हणजे काय, तर उन्हात तासन्‌तास उभं राहायचं, गिऱ्हाइकाला हात जोडून परतवायचं, दुकानदाराची बोलणी खायची, पोलिसांनी धरलं तर दुसरी तुकडी पाठवायची. कुठली तुकडी कुठल्या दुकानावर, किती वाजता, कुणाला लहान मूल आहे म्हणून लवकर सोडायचं, हे सारं बायकाच ठरवत. घरात ज्यांना बाजारखर्चाच्या पलीकडचा निर्णय घ्यायला मिळत नव्हता, त्यांनी तिथे शेकडो माणसांचं नियोजन केलं. हंसाबेन तुरुंगात गेल्या, पुढे विधिमंडळात आणि संविधान सभेत गेल्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात बसून जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातल्या ‘सर्व पुरुष’ या शब्दयोजनेच्या जागी ‘सर्व मानव’ आणवली. समोर बसलेल्या बड्या राजकारण्यांना न बिचकता एका शब्दासाठी अडून बसायचं धैर्य दुकानांपुढच्या त्या उन्हात कमावलेलं होतं, असं मी मानतो. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याच हंसाबेन कुलगुरू झाल्या.

पण बडोद्याची ही गोष्ट इथवर सांगून थांबणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ‘समाजासाठी काम’ म्हणताना कोणता समाज, आणि त्यात पाऊल ठेवायला कुणाला मुभा, हा प्रश्न याच शहरात सर्वांत कठोरपणे विचारला गेला. गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना हाकललं. परतीच्या गाडीची वेळ होईतो ते कामाठी बागेत बसून होते. ज्या शहरात विद्यार्थी मंडळं होती, वाचनालयं होती, व्याख्यानमाला होत्या, त्या शहरात या माणसाला एक छप्पर मिळालं नाही. मंडळं, वाचनालयं, परिषदा यांतून नेतृत्व घडत होतं. पण त्यांच्या दारातच ज्यांना अडवलं जात होतं, त्यांच्यासाठी ती शाळा बंद होती.

त्यांनी स्वतःची शाळा काढली. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली; १९२५ च्या सुरुवातीला तिने सोलापुरात वसतिगृह काढलं. मार्च १९२७ ची महाडची परिषद आठवते ती चवदार तळ्यासाठी. तिच्या आधीचे महिने मात्र विसरले जातात. दासगावचे तरुण रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सोबती कोकणातल्या वाड्यावाड्यांतून हिंडले, वर्गणी आणि धान्य गोळा केलं, हजारो माणसांच्या जेवणाखाणाची व्यवस्था लावली. परिषदेच्या जागी अस्पृश्यांना पाणी भरू दिलं जाणार नव्हतं, म्हणून सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. पाण्याच्या हक्काची सभा, आणि तिच्या खर्चात पाण्याची किंमत मांडलेली. ही नोंद ज्या कार्यकर्त्यांनी केली, त्यांना नेतृत्वाचं शिबिर भरवून काही शिकवायची गरज नव्हती. मोरे पुढे कामगार चळवळीतले मोठे पुढारी झाले. वंचितांच्या संघटनेत वर्गणीचा रुपया मोठा असतो, चुकीची किंमत जास्त असते, आणि म्हणूनच तिथे घडणारा कार्यकर्ता लवकर पिकतो.

आता अभ्यासकांकडे वळू. अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ सिडनी व्हर्बा, के श्लोझमन आणि हेन्री ब्रॅडी यांनी १९९५ मध्ये ‘व्हॉइस अँड इक्वॅलिटी’ या ग्रंथात नागरी कौशल्यं कुठे शिकली जातात याचा शोध घेतला. ‘नेतृत्व’ असा भारदस्त शब्द न धरता त्यांनी चार साध्या गोष्टी धरल्या: पत्र लिहिणं, निर्णय होणाऱ्या बैठकीला बसणं, बैठकीची आखणी करणं, लोकांसमोर बोलणं. नोकरीत ही संधी वरच्या हुद्द्यांना जास्त मिळते; झाडूवाल्याला कुणी सभेची आखणी करायला सांगत नाही. चर्चमध्ये मात्र ती पुष्कळच समान वाटली जाते, कारण तिथे गरीब माणूसही उत्सव समितीत असू शकतो. आपल्याकडच्या भजनी मंडळांकडे, महिला मंडळांकडे आणि गणेशोत्सवाकडे या नजरेने क्वचितच पाहिलं जातं. धुणीभांडी करणारी बाई कारखान्याच्या बैठकीत कधीच बसणार नाही, पण वस्तीतल्या भजनी मंडळाची ती खजिनदार असते, आणि आषाढीच्या सहलीची बस ठरवताना चार बसवाल्यांशी घासाघीस तीच करते.

एक अडसर विनोबांविषयीच्या मघाच्या शंकेतच होता: ज्यांच्या अंगी मुळात पुढाकार असतो तेच सेवेला जातात, मग श्रेय सेवेचं कसं? समाजशास्त्रज्ञ डग मॅकॅडम यांनी यावर सुरेख तोड काढली. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला उत्तरेतले शेकडो विद्यार्थी गेले. सुरुवातीलाच तिघा कार्यकर्त्यांचे खून झाले. अर्ज मंजूर होऊनही शेवटी गेले नाहीत असेही बरेच विद्यार्थी होते. मॅकॅडम यांना जुने अर्ज सापडले आणि त्यांनी गेलेल्यांची तुलना न गेलेल्यांशी केली. जाण्याआधी दोन्ही गट बरेचसे सारखे होते. वीस वर्षांनंतर गेलेले लोक सार्वजनिक कामात स्पष्टपणे अधिक गुंतलेले आढळले. म्हणजे सेवा माणसाला बदलते, हे पुराव्याने सांगता येतं. पण त्याच मॅकॅडम यांनी २००९ मध्ये गरीब वस्त्यांतल्या शाळांत दोन वर्षं शिकवणाऱ्या तरुणांच्या प्रसिद्ध अमेरिकी उपक्रमाचा असाच अभ्यास केला तेव्हा चित्र उलटं निघालं: कार्यकाळ पूर्ण केलेल्यांचा पुढचा नागरी सहभाग, निवड होऊनही न गेलेल्यांपेक्षा काही बाबतींत कमीच होता. दमून जाणं, एकटं पडणं, वरून ठरलेली चौकट निभावत राहणं, यांतून उमेद ओसरते. मिसिसिपीत मुलं एकत्र राहत होती, रोज रात्री बसून दुसऱ्या दिवसाचा बेत ठरवत होती, आणि स्थानिक माणसांच्या पुढारपणाखाली काम करत होती. मला या दोन अभ्यासांतला फरक फार शिकवतो.

त्याच्या उजेडात आपली राष्ट्रीय सेवा योजना पाहावी. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. बडोद्यासह देशभर आज ती लाखोंच्या संख्येने चालते. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक शिबिर, असा हिशेब. मूळ कल्पना उदात्त आहे आणि ज्यांनी ती मनापासून राबवली असे प्राध्यापक प्रत्येक गावात आहेत. अडचण तासांची आहे. तास मोजले की तास भरले जातात. शिबिराचं गाव अधिकारी ठरवतो, काम ग्रामपंचायत सुचवते, उद्घाटनाला कोण यायचं हे वरून येतं, आणि मुलांच्या हाती फावडी येतात. तरीही अनेक जुने शिबिरार्थी आपल्या आयुष्याचं वळण त्या सात दिवसांत होतं असं सांगतात, आणि खोदून विचारलं तर ते रस्त्याबद्दल बोलत नाहीत. ते बोलतात पन्नास जणांच्या स्वयंपाकाची गटवार पाळी लावण्याबद्दल, रात्रीच्या आढावा बैठकीत झालेल्या भांडणाबद्दल, आजारी पडलेल्या मुलीला तालुक्याच्या दवाखान्यात नेताना घ्याव्या लागलेल्या निर्णयाबद्दल. कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या जागीच त्यांना काही ठरवायला मिळालं होतं.

बडोद्याच्या विद्यापीठातली समाजकार्य विद्याशाखा देशातल्या जुन्या शाखांपैकी एक. तिथल्यासारख्या शिक्षणात वस्तीतल्या प्रत्यक्ष कामाइतकंच महत्त्व त्या कामाच्या लेखी नोंदीला आणि पर्यवेक्षकाबरोबरच्या साप्ताहिक चर्चेला असतं. काय केलं, का केलं, लोक काय म्हणाले, आपण कुठे कमी पडलो. ही सवय हौशी मंडळांनी उचलावी अशी आहे. कोलंबियात आंबेडकरांचे शिक्षक असलेले जॉन ड्युई हेच सांगत होते की अनुभवावर विचार झाला तरच त्यातून शिक्षण होतं. गणपती विसर्जनानंतर मंडळाची बैठक होते ती बहुधा जेवणाची असते. तिथे जमाखर्च वाचला जातो, टाळ्या पडतात, आणि पुढच्या वर्षी त्याच चुका होतात.

गणेशोत्सव मंडळांविषयी मात्र माझ्या मनात आस्थाच जास्त आहे. आवाज, वाहतूक, वर्गणीची सक्ती या तक्रारी खऱ्या आहेत. पण बडोद्यात अठरा-वीस वर्षांच्या मुलाला पोलीस ठाण्यात जाऊन परवानगी काढायला, महापालिकेच्या अधिकाऱ्याशी बोलायला, मूर्तिकाराला उचल द्यायला, मंडपवाल्याचं बिल अडवायला आणि शेजारच्या मंडळाशी मिरवणुकीच्या क्रमावरून तडजोड करायला दुसरी कोणती जागा आहे? तेही मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत. या शहरातला मराठी कार्यकर्ता घरात एका भाषेत आणि बाजारात दुसऱ्या भाषेत वाढतो, आणि दोन समाजांत ये-जा करणाऱ्याला मध्यस्थी आपोआप शिकावी लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये मराठी वाङ्मय परिषदेने एक्क्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरवलं, लक्ष्मीकांत देशमुखांच्या अध्यक्षतेखाली. महाराष्ट्राबाहेर, राज्य सरकारची यंत्रणा हाताशी नसताना, हजारो पाहुण्यांची सोय स्थानिक कार्यकर्त्यांनी केली. ते बळ अशा उत्सवांतूनच साठलेलं होतं.

दोन गोष्टी मात्र खटकतात आणि त्या स्पष्ट बोलायला हव्यात. आरतीची ताटं, महाप्रसाद आणि रांगोळी बायकांकडे. पावतीपुस्तक, बँकेचं खातं आणि परवानगीचे कागद पुरुषांकडे, ही वाटणी बहुतेक मंडळांत अजून मोडलेली नाही. दुसरं, पंचवीस वर्षं तोच अध्यक्ष. त्यांच्या सेवेबद्दल आदर ठेवूनही म्हणावं लागतं की त्यांनी खुर्ची अडवून पुढच्या तीन पिढ्यांना सतरंज्यांपाशीच ठेवलं. बडोद्याच्या जुन्या मराठी संस्थांना तरुण मिळत नाहीत ही तक्रार नेहमी ऐकू येते. तरुण येतात, दोन वर्षं राबतात, काही ठरवायला मिळत नाही हे पाहून जातात.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीने धोक्याची पातळी कितीतरी फुटांनी ओलांडली आणि शहराचा मोठा भाग दोन-तीन दिवस पाण्यात राहिला. लष्कर बोलवावं लागलं, पण ते प्रत्येक गल्लीत पोचणार नव्हतं. त्या दिवसांत सोसायटी-सोसायटीत जे घडलं ते नेतृत्वाच्या कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा मोलाचं आहे. तळमजल्यावरच्यांना वर कुणी घ्यायचं, गच्चीवरच्या टाकीचं पाणी किती दिवस पुरवायचं, इन्सुलिन कुणाच्या फ्रीजमध्ये आहे आणि वीज नसताना ते थंड कसं ठेवायचं, दूध आधी कुणाला. हे ठरवणारी माणसं बहुतेक वेळा सोसायटीच्या कार्यकारिणीत नव्हती. त्यांना घराघरातली माहिती होती आणि लोक त्यांचं ऐकत होते, एवढंच त्यांचं भांडवल. गुरुद्वारे, मंदिरं, मंडळं यांच्या स्वयंपाकघरांतून जेवणाची पाकिटं निघाली. नदीतल्या चारशेवर मगरींपैकी काही वस्त्यांत शिरल्या आणि वनखात्याबरोबर वर्षानुवर्षं काम करणारे हौशी तरुण रात्रभर त्या पकडत हिंडले. या तरुणांचं काम जवळून पाहिलं की कळतं, मगर पकडणं त्यातलं सोपं काम. मोबाइल उंचावून पुढे सरकणाऱ्या गर्दीला न ओरडता मागे हटवणं, घाबरलेल्या घरमालकाला धीर देणं आणि जनावराला इजा होऊ न देणं, हे अवघड. आणि हे सगळं वीस-बावीस वर्षांच्या मुलाने करायचं.

मदतीतून पुढची पायरी आहे ती ‘पाणी आलंच का’ असं विचारण्याची. बडोद्यातल्या काही नागरिकांनी ती आधीच चढली होती. विश्वामित्रीच्या काठांवर होऊ घातलेल्या विकासाविरुद्ध त्यांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि २०२१ मध्ये नदीच्या संरक्षणासाठी आदेश मिळवला. नकाशे वाचायला, नाले आणि तलाव एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे काठाकाठाने हिंडून नोंदवायला, सरकारी उत्तरातली गफलत पकडायला ही माणसं कामातून शिकली. पाकिटं वाटणाऱ्याला हार घातले जातात, प्रश्न विचारणाऱ्याला विकासविरोधी म्हटलं जातं. त्यामुळे पहिल्या कामाला हजार हात येतात आणि दुसऱ्याला दहा.

२०२४ च्या पुरानंतर नदीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं काम हाती घेतलं गेलं आहे. गाळ कुठे टाकला, कुठला नाला बुजला, मगरींची बिळं असलेला काठ कुठे कापला, हे रोज पाहणारी माणसं नदीकाठच्या वस्त्यांतच राहतात. पुरात पोहून दूध पोचवणारी मुलं तीच. नदीविषयीच्या बैठका होतात तेव्हा त्यांच्यातल्या कुणाला खुर्ची मिळते का, आणि मिळाली तर इतिवृत्तात त्यांचं म्हणणं त्यांच्या नावाने लिहिलं जातं का, हे महापालिकेला विचारता येण्यासारखं आहे. विचारायला पुढचा पूर यायची वाट पाहण्याची गरज नाही. प्रभागाच्या नगरसेवकाचं कार्यालय उघडं असतं आणि अर्जाला पोच मागता येते.